तालमीतील मुक्त खेळांची खोली : प्रकल्प नोंदी

रविवार, १ जून २०२५

आमच्या तालमीच्या वाचनालयामागील खोली मुलांच्या संगणकांसाठी वापरण्यास मंडळाने संमती दिली असून आज तिची साफसफाई, वायरिंगची तपासणी आणि यंत्रांची मांडणी पूर्ण झाली. शहरातील एका कार्यालयाने बाद ठरवलेले सहा संगणक काल टेम्पोतून आले. दुसऱ्या पिढीचा आय-थ्री प्रोसेसर, चार जीबी रॅम आणि जुन्या पद्धतीची हार्ड डिस्क अशी ही यंत्रे आहेत आणि सहाही सुस्थितीत चालतात. ती बाद होण्याचे कारण एवढेच की, विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपतो आणि विंडोज ११ साठी टीपीएम २.० ही सुरक्षा चिप व बऱ्याच नव्या पिढीचा प्रोसेसर लागतो. चालू यंत्र केवळ सॉफ्टवेअरच्या तारखेमुळे भंगारात जावे हे मला पटत नाही, आणि जुनी यंत्रे वर्षानुवर्षे दुरुस्त करून वापरणाऱ्या कोल्हापुरात तर ते मुळीच शोभत नाही.

प्रकल्पाचा नियम आजच लिहून भिंतीवर लावला : या खोलीत चालणारा प्रत्येक प्रोग्राम आणि प्रत्येक खेळ मुक्त सॉफ्टवेअर असला पाहिजे. म्हणजे तो कोणत्याही कामासाठी चालवण्याची, त्याचा मूळ कोड वाचून तो कसा चालतो हे समजून घेण्याची व त्यात बदल करण्याची, त्याच्या प्रती इतरांना देण्याची आणि आपण बदललेल्या प्रतीही वाटण्याची मोकळीक त्याच्या परवान्यातच लिहिलेली असली पाहिजे. रिचर्ड स्टॉलमन यांनी २७ सप्टेंबर १९८३ रोजी मुक्त कार्यप्रणाली उभारण्याच्या जीएनयू प्रकल्पाची घोषणा करून ज्या चळवळीला सुरुवात केली, तिचा पाया म्हणजे ही चार स्वातंत्र्ये असून त्यांना शून्य ते तीन असे क्रमांक दिलेले आहेत.

मंडळातील काही ज्येष्ठांनी विचारले की, मुलांना खेळायचेच असेल तर एवढा कडक नियम कशासाठी. माझे म्हणणे असे की, मुले ज्या गोष्टीवर जीव टाकतात तीच त्यांना आतून पाहायला मिळाली पाहिजे. हिशेबाच्या प्रोग्रामचा मूळ कोड उघडून पाहावा असे दहा वर्षांच्या मुलाला कधी वाटणार नाही. शर्यतीतली गाडी वळणावर का घसरते, हे मात्र त्याला नक्की पाहावेसे वाटेल. ती ओढ निर्माण होईल त्या क्षणी दार बंद असता कामा नये, एवढ्यासाठी हा नियम आहे.

रविवार, ८ जून २०२५

सर्व यंत्रांवर डेबियन १२ ही लिनक्सवर आधारित मुक्त कार्यप्रणाली बसवली. चार जीबी रॅममध्ये हलके चालते म्हणून डेस्कटॉप एक्सएफसीईचा घेतला. एका यंत्रावर ॲप्ट-कॅशर-एनजी चालू ठेवल्यामुळे कोणतेही पॅकेज इंटरनेटवरून एकदाच उतरते आणि बाकीची यंत्रे ते खोलीतल्या खोलीत घेतात. वाचनालयाची इंटरनेट जोडणी संथ आहे, त्यामुळे ही सोय पहिल्याच दिवशी उपयोगी पडली.

भिंतीवरच्या नियमाचा पहिला कस फर्मवेअरच्या, म्हणजे वायफाय कार्डासारख्या उपकरणांच्या आत चालणाऱ्या सॉफ्टवेअरच्या, वेळी लागला. डेबियनच्या संग्रहात मेन (पूर्ण मुक्त), कॉन्ट्रिब (स्वतः मुक्त, पण बंद गोष्टींवर अवलंबून) आणि नॉन-फ्री (बंद) असे विभाग पूर्वीपासून आहेत. २०२२ मध्ये डेबियनच्या सदस्यांनी मतदान करून बंद फर्मवेअर अधिकृत प्रतिष्ठापन माध्यमात घेण्याचे ठरवले आणि डेबियन १२ पासून त्यासाठी नॉन-फ्री-फर्मवेअर हा स्वतंत्र विभाग झाला. बहुतेक वायफाय कार्डे अशा बंद फर्मवेअरशिवाय चालत नाहीत. म्हणून आम्ही वायफाय पूर्णपणे वगळून आठ पोर्टांचा स्विच आणि केबल वापरली, आणि नेटवर्क त्यावर उत्तम चालले. पुढे वायफाय लागलेच तर एथेरॉसच्या एआर९२७१ चिपचे यूएसबी उपकरण घ्यावे, कारण त्याचे फर्मवेअर मुक्त असून ते मेन विभागातच मिळते.

प्रोसेसरच्या मायक्रोकोडबाबत, म्हणजे त्याच्या आतील सूचनासंचाबाबत, मी वेगळा निर्णय घेतला. चिपमध्ये कारखान्यातून बसवलेला मायक्रोकोड बंदच असतो. त्याची सुधारित आवृत्ती नाकारल्याने स्वातंत्र्य वाढत नाही, केवळ सुरक्षिततेतील ज्ञात उणिवा तशाच राहतात. ती आवृत्ती बसवली आणि भिंतीवरील नियमाखाली हा एकमेव अपवाद कारणासह लिहून ठेवला.

रविवार, १५ जून २०२५

खेळांची निवड करताना असे दिसले की, खेळाच्या बाबतीत ‘मूळ कोड खुला आहे’ एवढ्यावर समाधान मानता येत नाही. खेळ दोन भागांनी बनतो : एक, तो चालवणारा प्रोग्राम, आणि दुसरा, चित्रे, ध्वनी, नकाशे, पात्रे ही सामग्री. ‘डूम’ या नेमबाजीच्या खेळाचा मूळ कोड १९९७ मध्ये प्रथम मर्यादित अटींवर आणि १९९९ मध्ये जीपीएल या मुक्त परवान्याखाली खुला झाला, परंतु त्याची चित्रे, ध्वनी आणि नकाशे बंदच राहिले, ती उणीव भरून काढण्यासाठी ‘फ्रीडूम’ या प्रकल्पात लोकांनी सगळी सामग्री नव्याने तयार केली. ‘ओपनटीटीडी’ या वाहतूक उभारणीच्या खेळाचेही तसेच झाले. २००४ पासून त्याचा प्रोग्राम मुक्त होता, पण तो चालवण्यासाठी जुन्या बंद खेळातील चित्रे लागत. स्वयंसेवकांनी ‘ओपनजीएफएक्स’ या नावाने सर्व चित्रे पुन्हा काढली, आणि २०१० मधील १.० आवृत्तीपासून जुन्या खेळाची गरज उरली नाही. डेबियनने असे खेळ कॉन्ट्रिबमध्ये ठेवण्याचे आणि सामग्री मुक्त झाल्यावर मेनमध्ये घेण्याचे धोरण पाळले आहे. एकेक आगगाडी, एकेक पूल, एकेक झाड नव्याने रेखाटण्याचे हे कष्ट पाहिले की मला त्या अनोळखी चित्रकारांविषयी अत्यंत आदर वाटतो.

लहान मुलांसाठी जीकॉम्प्रिस आणि टक्स पेंट, शर्यतीसाठी सुपरटक्सकार्ट, मोठ्या मुलांसाठी ओपनटीटीडी आणि ‘बॅटल फॉर वेसनॉथ’, आणि ठोकळ्यांच्या बांधकामासाठी माइनटेस्ट असे खेळ घेतले. माइनटेस्टचे नाव ऑक्टोबर २०२४ मध्ये ‘लुआंटी’ असे झाले, परंतु डेबियन १२ मध्ये ते जुन्याच नावाने आहे. मुलेही तेच नाव वापरणार असल्याने या नोंदींतही तेच ठेवतो.

गुरुवार, २६ जून २०२५

राजर्षी शाहू महाराजांच्या जयंतीला खोली सुरू करावी, ही मंडळाची सूचना मला फार आवडली. १९१७ मध्ये ज्या संस्थानाने प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत केले, त्याच्या राजधानीत मुलांची खोली उघडण्यासाठी याहून योग्य दिवस मिळाला नसता.

सहा यंत्रे लॅनवर जोडून सुपरटक्सकार्टची शर्यत लावली. दोन वर्षांपूर्वीपर्यंत फुटबॉलशिवाय दुसरा विषय नसलेली पेठेतील मुले आपापल्या संघाच्या घोषणा देत गाड्या पळवत होती आणि बाहेर पावसात थांबलेली मुले खिडकीतून सूचना करत होती. या खेळातील पात्रे म्हणजे मुक्त सॉफ्टवेअर प्रकल्पांची चिन्हेच आहेत : लिनक्सचा पेंग्विन टक्स, जिंप या चित्रे सुधारण्याच्या प्रोग्रामचा विल्बर, केडीईचा ड्रॅगन कॉन्की, ओपनबीएसडीचा फुगा मासा पफी. सहावीतील एका मुलाने शिंगे असलेल्या खेळाडूकडे बोट दाखवून विचारले, “दादा, ह्यो रेडा कशाला गाडी चालवालाय?” तो रेडा म्हणजे जीएनयू प्रकल्पाचे चिन्ह असलेला आफ्रिकेतील नू हा प्राणी. भिंतीवरच्या नियमाची गोष्ट त्या रेड्यापासून सुरू करता आली आणि मुलांनी ती शेवटपर्यंत ऐकली.

हा खेळ आज आमच्यापर्यंत पोहोचला तोही क्रमांक तीनच्या, म्हणजे बदललेल्या प्रती वाटण्याच्या, स्वातंत्र्यामुळेच. स्टीव्ह बेकर यांच्या ‘टक्सकार्ट’चे काम थांबल्यावर इतरांनी तोच कोड पुढे चालवला, त्यातून सुपरटक्सकार्ट झाला आणि एप्रिल २०१९ मधील १.० आवृत्तीत नेटवर्कवरून एकत्र खेळण्याची सोय आली. मूळ लेखकाने काम थांबवले की खेळ संपला, असे येथे होत नाही.

संध्याकाळी आठवीतील एका मुलाने दबक्या आवाजात विचारले, “दादा, ह्यो गेम घरला न्हेला तर चालतंय काय?” चालते, आणि नेणाऱ्याने तो पुढे शेजाऱ्याला दिला तरीही चालते. मात्र जीपीएलच्या अटीप्रमाणे प्रोग्रामची प्रत देताना मूळ कोडही उपलब्ध करून द्यावा लागतो. म्हणून पेन ड्राइव्हवर खेळाच्या शेजारीच ‘मूळ कोड’ नावाचा फोल्डर ठेवण्याची पद्धत आजपासून सुरू केली.

रविवार, ६ जुलै २०२५

पाऊस संततधार आणि वीज वारंवार जाते. दोन यंत्रांना यूपीएस जोडला. आषाढी एकादशीमुळे मुले कमी होती.

रविवार, १३ जुलै २०२५

टक्स पेंट मराठीत चालतो, त्यामुळे पहिली-दुसरीची मुले कोणालाही न विचारता त्यात रमतात. बिल केंड्रिक यांनी २००२ मध्ये सुरू केलेल्या या प्रोग्राममध्ये शिक्के उमटवण्याची सोय असून त्याची रचना इतकी सरळ आहे की, नवा शिक्का घालण्यासाठी प्रोग्रामिंग येण्याची गरज नाही. पारदर्शक पार्श्वभूमीचे एक पीएनजी चित्र, त्याच नावाची एक साधी मजकुराची फाइल आणि हवी असल्यास त्याच नावाची ध्वनिफीत, एवढे शिक्क्यांच्या फोल्डरमध्ये ठेवले की झाले. मजकुराच्या फाइलीत पहिल्या ओळीवर इंग्रजी वर्णन आणि खाली भाषेच्या खुणेसह मराठी वर्णन लिहायचे असते.

आज मुलांनी कोल्हापुरी चप्पल, फेटा, कुस्तीचा हौदा आणि फुटबॉल यांची चित्रे कागदावर काढून, मोबाइलने टिपून, जिंपमध्ये पार्श्वभूमी पुसून शिक्के तयार केले. चपलेच्या शिक्क्यासाठी एका मुलीने खरी चप्पल फरशीवर आपटून तिचा करकर असा आवाज ध्वनिमुद्रित केला. तो शिक्का निवडला की पडद्याच्या तळाशी पेंग्विनशेजारी ‘करकरणारी कोल्हापुरी चप्पल’ असे वर्णन येते आणि आवाज होतो; तो ऐकण्यासाठी लहान मुलांची रांग लागली होती. दुसऱ्या कोणाच्या परवानगीची वाट न पाहता, एका दुपारी, आपल्या गावची वस्तू जगभर वापरल्या जाणाऱ्या प्रोग्राममध्ये बसवता येते, हा अनुभव मला कोणत्याही व्याख्यानापेक्षा मोलाचा वाटतो.

रविवार, २७ जुलै २०२५

एका मुलाचे वडील उद्यमनगरात लेथवर काम करतात. ते मुलाला न्यायला आले आणि बराच वेळ थांबले. मुक्त सॉफ्टवेअर म्हणजे काय हे मी सांगू लागलो तेव्हा त्यांनी ऐकून घेतले आणि म्हणाले, “आमच्याकडं इंजिन आलं की पैल्यांदा हेड खोलतोय. कंपनीला इचारत बसलो तर धंदा कसा व्हायचा? कम्प्युटरला खोलायची बंदी हाय व्हय?” बहुतेक सॉफ्टवेअरला ती आहे, असे सांगितल्यावर त्यांना खरोखर आश्चर्य वाटले. इंजिन खोलण्याचा हक्क ज्यांच्या रोजच्या भाकरीशी जोडलेला आहे, त्यांना या विषयाचे महत्त्व पटवून द्यावे लागत नाही, हे मी आज शिकलो.

त्याच वेळी माइनटेस्टच्या यंत्राजवळ वाद चालू होता. या खेळात पाण्याच्या काठी पपायरस नावाचे लव्हाळ्यासारखे रोप उगवते. मुलांनी त्याला ऊस ठरवून टाकले होते, आणि आपला ऊस वाढत का नाही असा एकाचा प्रश्न होता. उत्तर देण्याऐवजी आम्ही खेळाच्या फोल्डरमधील लुआ या प्रोग्रामिंगच्या भाषेतील फाइल उघडली आणि रोप वाढवणारे फंक्शन शोधले. रोपाखाली माती हवी, त्या मातीपासून तीन ठोकळ्यांच्या आत पाणी हवे आणि रोपाची उंची चार ठोकळ्यांपर्यंतच जाईल, असे तिथे अगदी स्वच्छ लिहिले होते. मुलाने आपल्या शेतात जाऊन मोजले तर पाणी पाच ठोकळ्यांवर होते. त्याने पाट काढला आणि थोड्या वेळाने ऊस वाढला. नववीतील एका मुलीने लगेच विचारले, “चारच का? आमच्या मामाचा ऊस ह्याच्यापेक्षा उंच असतोय. मी आठ करून बघतो.” तिने आकडा बदलला, खेळ पुन्हा सुरू केला, आणि ऊस आठ ठोकळे उंच झाला. क्रमांक एकचे, म्हणजे कोड वाचून बदलण्याचे, स्वातंत्र्य या खोलीत खऱ्या अर्थाने आज आले.

रविवार, १० ऑगस्ट २०२५

डेबियन १३ काल प्रसिद्ध झाले. आम्ही इतक्यात बदल करणार नाही, कारण मुलांचे काम ऐन भरात आहे आणि डेबियन १२ ला सुरक्षा सुधारणा अजून मिळत राहतील.

ज्या मुलीने उसाची उंची वाढवली तिने ‘गुऱ्हाळ’ नावाचा मॉड, म्हणजे खेळात भर घालणारा जोडभाग, जवळजवळ पूर्ण केला आहे. तिच्या मामांचे वडणग्याला गुऱ्हाळ असल्याने गूळ कसा होतो हे ती लहानपणापासून पाहत आली आहे, आणि त्या ज्ञानाचा खेळाच्या नियमांशी मेळ घालताना तिने जे केले ते मी येथे सविस्तर नोंदवतो.

माइनटेस्टचा मॉड म्हणजे एक फोल्डर असतो. त्यात मॉडचे नाव व अवलंबित्व सांगणारी एक छोटी फाइल, लुआची मुख्य फाइल आणि ठोकळ्यांची सोळा गुणिले सोळा पिक्सेलची चित्रे असतात. तिने ऊस, रसाची काहील, चिपाड आणि गुळाचा रवा (ढेप) अशा चार गोष्टी नोंदवल्या. ऊस जुळणीच्या चौकटीत ठेवला की रस मिळतो. पण खऱ्या चरकातून रसाबरोबर चिपाडही बाहेर पडते, आणि ते वाया जात नाही, हे तिला खेळात आणायचे होते. जुळणीच्या नियमांत एक सोय अशी आहे की, वापरलेल्या वस्तूच्या जागी दुसरी वस्तू परत देता येते. पाण्याची बादली वापरल्यावर रिकामी बादली परत मिळावी, अशा कामांसाठी ती असते. तिने त्याच सोयीने वापरलेल्या उसाच्या जागी चिपाड परत मिळेल अशी व्यवस्था केली, आणि चिपाडाला इंधन म्हणून नोंदवले. त्यामुळे उसाचा रस त्याच उसाच्या चिपाडावर उकळतो, जसा गुऱ्हाळातील चुलवाणावर उकळतो तसा.

भट्टीत वस्तू शिजण्याची वेळ वेगळी सांगितली नाही तर तीन सेकंद धरली जाते. हे तिला अजिबात मान्य नव्हते. “तीन सेकंदात गूळ झाला तर गुळव्याला कोण इचारणार?” असे म्हणून तिने ती वेळ वाढवली. मग एवढ्या वेळासाठी एक चिपाड पुरेना, म्हणून जळण्याची वेळ आणि शिजण्याची वेळ यांचा हिशेब मांडून, एका रव्याला किती ऊस लागावा हे तिने वहीत काढले आणि मामांना फोन करून ते प्रमाण पटते का याची खात्री केली. गणिताच्या पुस्तकातील कोणत्याही उदाहरणासाठी तिने एवढी खटपट केली असती असे मला वाटत नाही.

रविवार, १७ ऑगस्ट २०२५

मॉडमधील नावे मराठीत दिसावीत, असा तिचा आग्रह रास्त होता. सेटिंगमध्ये लोहित मराठी फॉन्टचा मार्ग दिल्यावर देवनागरी अक्षरे उमटली. ‘रवा’ बरोबर दिसला. ‘चिपाड’मधील वेलांटी मात्र ‘च’च्या आधी येण्याऐवजी नंतर आली आणि ‘गुऱ्हाळ’मधील जोडाक्षर सुटून पाय मोडलेला ‘र’ आणि पूर्ण ‘ह’ असे वेगवेगळे दिसले. कारण असे की, देवनागरीत अक्षरे टंकलेल्या क्रमानेच मांडून भागत नाही. ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी न्यावी लागते आणि जोडाक्षरासाठी फॉन्टमधील वेगळी आकृती निवडावी लागते. हे काम हार्फबझ हा मुक्त प्रोग्राम करतो. फायरफॉक्स आणि लिबरऑफिस तोच वापरतात, टक्स पेंटही पँगो या मजकूर मांडणाऱ्या प्रोग्रामच्या मार्फत त्याच्याच आधारे चालतो, म्हणून तिथे चपलेचे वर्णन शुद्ध दिसले होते. माइनटेस्टच्या इंजिनात ही जोडणी नाही.

याची खातरजमा मूळ कोडमध्येच झाली. हिंदी, अरबी, हिब्रू, थाई या भाषांतील भाषांतरे प्रकल्पात असूनही, प्रोग्राम बांधताना वगळायच्या भाषांच्या यादीत त्यांची नावे लिहिलेली आहेत. बंद खेळात आम्हाला एवढेच कळले असते की मराठी चालत नाही. येथे ती का चालत नाही, कोणत्या ठिकाणी अडते आणि ती चालवायची झाल्यास काय जोडावे लागेल, हे तिन्ही कळले. ती जोडणी करणे हे शाळकरी मुलांचे काम नाही, त्यासाठी सी प्लस प्लसचा चांगला जाणकार हवा. खोलीत नियमित येणाऱ्या अभियांत्रिकीच्या एका विद्यार्थ्याने मजकूर रेखाटणाऱ्या भागाचा अभ्यास सुरू केला आहे.

तोपर्यंत मुलीने स्वतःच मार्ग काढला. इंकस्केप या चित्रे काढण्याच्या प्रोग्राममध्ये मजकूर शुद्ध उमटतो, म्हणून तिने ‘गुऱ्हाळ’ अशी पाटी तिथे तयार केली, पीएनजी चित्रात रूपांतरित केली आणि ते चित्र पाटीच्या ठोकळ्यावर चढवले. लोहित मराठीतील ‘ल’ आणि ‘श’ मराठी वळणाचे असल्याने ‘ताजा गूळ मिळेल’ ही दुसरी पाटी अगदी रस्त्यावरच्या पाटीसारखी दिसते.

रविवार, २४ ऑगस्ट २०२५

पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणणाऱ्या कायद्याला परवा राष्ट्रपतींची मंजुरी मिळाली, त्यामुळे आज काही पालक चौकशीला आले. या खोलीतील एकाही खेळात पैसे लावता येत नाहीत, नाणी विकत घ्यावी लागत नाहीत आणि जाहिरातीही नाहीत, हे त्यांना प्रत्यक्ष दाखवले. घरी संगणक नाही पण मोबाइल आहे, अशा घरांसाठी एफ-ड्रॉइड या मुक्त ॲपच्या संग्रहातून माइनटेस्ट आणि सुपरटक्सकार्ट कसे घ्यावेत हेही दाखवले. एका आईने विचारले की, जाहिरात नाही आणि पैसेही नाहीत तर हे लोक खेळ बनवतात कशाला. मी त्यांना गुऱ्हाळाचा मॉड दाखवला आणि तो कोणी बनवला हे सांगितले.

गणेशोत्सवात खोली मंडळाच्या कामासाठी लागणार असल्याने विसर्जनापर्यंत काम बंद राहील.

रविवार, १४ सप्टेंबर २०२५

मॉड इतरांना द्यायचा तर परवाना लिहिणे आवश्यक आहे; परवाना नसलेल्या कामावर कायद्याने सर्व हक्क निर्मात्याचेच राहतात आणि घेणाऱ्याला काहीच करता येत नाही. या विषयावर आज झालेली चर्चा मला या प्रकल्पातील सर्वांत महत्त्वाची वाटते.

मुलीचे म्हणणे होते की, कोड कोणीही बदलावा, पण काहिलीचे आणि रव्याचे चित्र कोणी बदलू नये. त्या चित्रांवर तिने फार मेहनत घेतली आहे : सोळा पिक्सेलच्या चौकोनात उकळत्या रसावरची मळी दिसावी म्हणून तिने तपकिरी रंगाच्या कितीतरी छटा लावून पाहिल्या होत्या. मी तिच्यावर निर्णय लादला नाही. मात्र ज्या पपायरसच्या चित्रावरून तिने ऊस रंगवला ते चित्र क्रिएटिव्ह कॉमन्स बाय-एसए ३.० परवान्याखाली आहे आणि त्यावर आधारलेले चित्र त्याच अटींवर द्यावे लागते, हे तिला दाखवले. म्हणजे उसाचे चित्र तरी मोकळे ठेवणे तिला बंधनकारक होते. काहील आणि रवा ही चित्रे तिची स्वतःची असल्याने तिथे निवड तिची होती. ती बराच वेळ परवान्याचा मजकूर वाचत बसली आणि मग तिने विचारले, “बदललं तरी माझं नाव ठेवावं लागतंय न्हवं?” ठेवावे लागते, आणि बदल केला आहे हेही सांगावे लागते. एवढे कळल्यावर तिने आपल्या चित्रांसाठी बाय-एसए ४.० आणि कोडसाठी जीपीएलची तिसरी आवृत्ती निवडली. परवान्याच्या फाइलीत तिने स्वतःच्या नावाखाली पपायरसच्या मूळ चित्रकाराचेही नाव लिहिले.

शनिवार, २० सप्टेंबर २०२५

सप्टेंबरच्या तिसऱ्या शनिवारी जगभर सॉफ्टवेअर स्वातंत्र्य दिन साजरा होतो, म्हणून आज खोली सर्वांसाठी खुली ठेवली. इचलकरंजीहून एक शिक्षक काही विद्यार्थ्यांना घेऊन आले होते. त्यांच्याकडेही बाद झालेले संगणक आहेत. आमच्या मांडणीची पूर्ण प्रत, मूळ कोड, शिक्के आणि गुऱ्हाळाचा मॉड असे सर्व त्यांना एका हार्ड डिस्कवर दिले. गुऱ्हाळ चालवून पाहिल्यावर त्यांच्यातला एक मुलगा म्हणाला की, आमच्याकडे ऊस नको, माग पाहिजे. मॉडची रचना त्याला मुलीनेच समजावून सांगितली.

रविवार, १२ ऑक्टोबर २०२५

इचलकरंजीचा मॉड आला. माइनटेस्टमध्ये कापूस आणि सूत आधीपासून आहेत. त्यांच्यापुढे मुलांनी रंगवलेले सूत, कांडी, यंत्रमाग आणि कापड असे टप्पे जोडले आहेत. सूत रंगवण्याच्या भांड्यासाठी त्यांनी आमच्या काहिलीचेच चित्र घेऊन ते निळे केले आहे. मुलगी ते पाहून क्षणभर गप्प झाली आणि मग म्हणाली, “माझी काहील निळी केल्यात की ओ दादा!” तिने सर्वांत आधी परवान्याची फाइल उघडली. तिचे नाव पहिल्या ओळीवर होते आणि खाली ‘रंग बदलला आहे’ अशी नोंद होती.

त्यानंतर ती त्यांचा कोड ओळीओळीने वाचत गेली. कापडाच्या ठोकळ्यापाशी आल्यावर तिच्या लक्षात आले की, गुऱ्हाळात गरम गूळ साच्यात ओतण्यापूर्वी आत कापड घालतात, त्यामुळे रवा साच्यातून सहज सुटतो, आणि ही पायरी तिच्या मॉडमध्ये नाही. तिने इचलकरंजीचा कापडाचा भाग आपल्या फोल्डरमध्ये घेतला, रव्याच्या जुळणीत एक कापड जोडले आणि ‘रिकामी बादली’च्याच सोयीने ते वापरल्यावर परत मिळेल असे केले. परवान्याच्या फाइलीत तिने इचलकरंजीच्या मुलांची नावे लिहिली. नवी आवृत्ती सहाही यंत्रांवर चढवली असून तिची एक प्रत त्यांच्या शिक्षकांना पाठवली आहे.